सळ्या ओवताना

तो खोका आमच्या अपार्टमेंटच्या वॉचमनच्या खोलीत तीन-चार दिवस पडून होता. मी शाळेत शिकवून परत आले की वॉचमन रोज हाक मारायचा, "बाई, पार्सल हाय की तुमचं!" आणि मी रोज "उद्या नेते" म्हणून जिना चढायची. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात तपासायच्या वह्या, आणि घर दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. शेवटी एके दिवशी कंटाळून त्यानंच तो वर आणला आणि दारात ठेवून गेला.

मुलीनं पुण्याहून इलेक्ट्रिक ग्रिल पाठवलं होतं. वर पट्ट्यापट्ट्यांचा काळा तवा, खाली पाणी घालायचा ट्रे आणि सोबत लोखंडी सळ्यांचा एक जुडगा. "आई, तेल जवळजवळ लागतच नाही," ती फोनवर सांगत होती. "धूरही होत नाही. चिकनचे आणि भाज्यांचे तुकडे सळीला ओवायचे, वर ठेवायचे, मध्ये एकदा फिरवायचे. बाबांना काहीतरी चवीचं मिळेल आणि तुलाही त्रास नाही."

मी बरं म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते.

माझ्या नवऱ्याला पावसाळ्याच्या शेवटी अर्धांगाचा झटका आला होता. सकाळी चहाचा कप उचलायला गेले आणि कप ओठांपर्यंत गेलाच नाही, मांडीवर लवंडला. भाजल्याचंही त्यांना कळलं नाही. दवाखान्यात वेळेवर पोचलो म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं लवकर परत आलं. पाय ओढत का होईना, चालायला लागले. उजवा हात मात्र तसाच राहिला, कोपरातून वाकायचा, पण बोटं मिटली की उघडायची नाहीत आणि उघडली की मिटायची नाहीत.

त्यांचं सगळं आयुष्य त्या हातावर चाललं होतं. हायवेपलीकडच्या उचगावला त्यांचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची, नदीवरची मोटर जळाली की शेतकरी ती टेम्पोत घालून आणायचे. आतली जळकी तार उपसून काढायची आणि तांब्याची नवी तार एकेक वेढा मोजत बसवायची, हे यांचं काम. उसाला पाणी द्यायच्या दिवसांत ते घरी जेवायलाही यायचे नाहीत. आता दुकान त्यांचा जुना कारागीर बघत होता आणि हे हॉलमधल्या खुर्चीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत होते.

डॉक्टरांनी तेल आणि मीठ कमी करायला सांगितलं होतं. रविवारचा मटणाचा रस्सा बंद झाला. मी पहाटे उठून दुधी, दोडका, मुगाचं वरण करून शाळेत जायची. संध्याकाळी आले की ताटात निम्मं तसंच असायचं.

"खाल्लं का नाही?"

"खाल्लं की. दवाखान्यात खाल्लं तसलंच हुतं."

मी ताट उचलून सिंकमध्ये ठेवायची. 

ग्रिल पहिल्यांदा लावलं ते एका रविवारी. बिनहाडाचं चिकन आणलं, दही, आलं-लसूण, लिंबू आणि चिमूटभर घरची चटणी लावून मुरत ठेवलं. ढबू मिरची आणि कांदा चौकोनी कापला. चित्रात दाखवलं होतं तसं एक तुकडा चिकन, एक ढबू, एक कांदा असं ओवलं. दिसायला फार सुरेख दिसत होतं. तव्यावर ठेवलं तेव्हा चर्र आवाज झाला आणि हॉलमधून त्यांनी मान वळवून बघितलं. त्या बघण्यानं मला जरा हुरूप आला.

पण ढबू मिरची काळी पडली तरी चिकन आतून गुलाबीच होतं. सळी फिरवायला गेले तर सळी फिरायची आणि तुकडे जागच्या जागी राहायचे. चिकनची चरबी गळून खालच्या ट्रेमध्ये पडली आणि धूर झाला, कारण ट्रेमध्ये पाणी घालायचं मी विसरले होते. खिडक्या उघडल्या, पंखा लावला, आणि खोकत खोकत ताट त्यांच्यापुढं ठेवलं.

त्यांनी डाव्या हातानं एक तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावला.

"वरनं कोळसा आन् आतनं कच्चं," ते म्हणाले. "ह्यापरास दोडका बरा हुता की."

मी ताट उचललं नाही. उठून गॅलरीत गेले आणि दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला लागले. सगळे काढून झाले तरी तिथंच उभी राहिले. खालच्या मजल्यावरच्या अक्का त्यांच्या गॅलरीत तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "काय गं, काय जळालं?"

"चिकन," मी म्हटलं.

"शिव शिव," म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसले. त्या दिवसातलं तेवढंच हसू.

अक्का गडहिंग्लजकडच्या. लिंगायत, घरात कांदा-लसूण चालायचा पण मांसमच्छी कधी शिवलेली नाही. मुलगा बंगळूरला, त्या एकट्या. हे आजारी पडल्यापासून दुपारी मी शाळेत असताना त्या वर येऊन बसायच्या. आल्या की दारातूनच विचारायच्या, "अण्णा, ऊट झालं का?" जेवण झालं का, एवढंच. यांनी व्हय म्हटलं की मग टीव्ही लावायच्या. त्या नसत्या तर मला नोकरी सोडावी लागली असती.

फिजिओथेरपीची मुलगी आठवड्यातून दोनतीनदा यायची. गोड बोलणारी, धीराची. तिनं रबराचा चेंडू दिला, मळायला रंगीत चिकणमाती दिली, भोकं पाडलेली लाकडी पाटी आणि त्यात बसवायच्या खुंट्या दिल्या. "काका, रोज अर्धा तास," असं बजावून जायची. ती जिन्यात पोचायच्या आत काका ते सगळं सोफ्याखाली सरकवायचे.

"अहो, ती तुमच्यासाठीच सांगते ना?"

"मी काय बालवाडीत हाय व्हय? माती मळायला?"

यावरून आमची भांडणं व्हायची. भांडणं म्हणजे मी बोलायची आणि ते खिडकीबाहेर बघायचे.

मग सहामाही परीक्षा आली. त्यातल्या एका बुधवारी दिवसभर पर्यवेक्षणाला उभी राहून पाय सुजले होते. येताना रिक्षा मिळाली नाही. घरी आले तर पुन्हा एकदा करून बघू म्हणून सकाळी मुरत ठेवलेलं चिकन फ्रिजमध्ये होतं. दह्या-लिंबात ते दुसऱ्या दिवसापर्यंत पार गळून गेलं असतं. मी ढबू आणि कांदा कापला, फ्लॉवरचे तुरे काढले, आणि सळी हातात घेतली ती तशीच खाली ठेवली. मी परात, सळ्या, सगळं उचलून त्यांच्यापुढच्या टीपॉयवर नेऊन ठेवलं.

"ओवा. मला आता होत नाही."

यात माझी काही युक्ती नव्हती. पुढं फिजिओथेरपीच्या मुलीनं माझं फार कौतुक केलं, पण खरं तेच सांगते, मला फक्त बसायचं होतं. मी समोरच्या खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या झोपून गेले.

जाग आली ती सळी फरशीवर पडल्याच्या आवाजानं. ते वाकून ती उचलायची खटपट करत होते. टीपॉयभर दही सांडलं होतं, कांद्याच्या पाकळ्या सोफ्यावर, फ्लॉवर खाली. उचललेली सळी त्यांनी पुन्हा मांड्यांच्या बेचक्यात उभी धरली आणि डाव्या हातानं टोकावर ठेवलेला तुकडा उजव्या हाताच्या तळव्यानं खाली दाबायला लागले. पायजम्यावर हळदीचे डाग. कपाळाला घाम.

"ह्यो कांदा लई सुळसुळीत हाय," ते म्हणाले.

दोन सळ्या झाल्या होत्या. एकीवर नुसतं चिकन, एकीवर नुसती ढबू मिरची. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "येगळं येगळं ओवलंय. भाजी आधी हुतीया, कोंबडीला टाइम लागतोय. एकत्र घातलं की एक जळणार न्हाय तर एक कच्चं ऱ्हाणार. आन् ही सळी गोल हाय, म्हणून तुकडं फिरत न्हाईत. चपटी पायजे."

मी त्या सळ्या तव्यावर ठेवल्या. या वेळी ट्रेमध्ये पाणी घातलं. भाजी आधी उतरवली, चिकन राहू दिलं. जेवायला उशीर झाला, पण चिकन आतपर्यंत शिजलं होतं आणि त्यांनी ताटात काही ठेवलं नाही. नंतर टीपॉय पुसताना, सोफ्याच्या फटीतून कांदा काढताना मला वाटलं, हे माझं मी केलं असतं तर निम्म्या वेळात झालं असतं. तसं वाटलं, हे खरं आहे.

पण मग ते चालूच राहिलं. बुधवारी आणि रविवारी. चपट्या सळ्या आणल्या. आधी मांडीत धरायचे ती सळी हळूहळू डाव्या हातात धरता येऊ लागली, आणि उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांजवळ यायला लागलं. मऊ मशरूम धरता यायचं. ढबू धरता यायची. चिकन निसटायचं. अक्कांना याची गंमत वाटायची. चिकन असायचं तोवर त्या लांब दाराजवळच्या खुर्चीत बसायच्या. पण एके दिवशी त्या स्वतःच्या सळ्या घेऊन आल्या, स्वतःची ताटली, त्यात वांगी, बटाटे, पनीर.

"अण्णा, आधी साबणानं हात धुवा. मग माझ्या ओवून द्या. मी खाली गॅसवर भाजते."

यांनी शाळेतल्या पोरासारखे हात धुतले आणि अक्कांच्या सळ्या ओवून दिल्या. अक्का त्या ताटलीवर पदर झाकून खाली घेऊन गेल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "अण्णांचा हात आला बघ. आता दुकान चालू."

हे असं बोलायला नको होतं, असं मला तेव्हाच वाटलं. पण यांनी ते ऐकलं होतं, आणि मला कळलं की हे रोज मनात तेच धरून बसले होते. ढबू, मशरूम, फ्लॉवर सगळं ते उचगावसाठी ओवत होते.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी म्हणाले, "दुकानात जाऊन येऊया."

रिक्षा ठरवली. दुकानापुढं उतरलो तर कारागीर धावत आला, यांचा दंड धरून आत नेलं. "मालक, बसा बसा. वैनी, च्या सांगू का?" दुकानात तोच वास होता, वार्निशचा आणि तापलेल्या तांब्याचा. बाकावर एक मोटर उघडी पडली होती, निम्मी भरलेली. यांनी बाकापुढं स्टूल ओढलं आणि बसले. कारागिरानं माझ्याकडं बघितलं. मी असू दे अशी मान हलवली.

तार केसापेक्षा थोडीशीच जाड. यांनी तिचं टोक डाव्या हातानं उजव्या चिमटीत दिलं. चिमूट मिटली, पण तार आत आहे की नाही हे बोटांना कळत नव्हतं. तार सुटली. पुन्हा दिली. पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा तिला पीळ पडला आणि ती तुटली. कारागीर म्हणाला, "ऱ्हाऊ दे मालक, मी बघतो की." हे "व्हय" म्हणाले आणि हात मांडीवर ठेवला. नंतर चहा आला, तो डाव्या हातानं प्याले. गिऱ्हाइकांची चौकशी केली. कुणाची मोटर कुठल्या विहिरीवरची, सगळं त्यांच्या लक्षात होतं.

 परतताना रिक्षा हायवे ओलांडून शहरात शिरली तेव्हा ते म्हणाले, "सळी जाड अस्ती गं. सळीचं काय न्हाय. तारंचं न्हाय जमत."

मी त्यांचा उजवा हात धरला. त्यांना तो धरलेला कळला की नाही, कोण जाणे.

त्यानंतर त्यांनी ओवणं बंद केलं. मी परात पुढं ठेवली की "तूच ओव" म्हणायचे. मी आग्रह केला नाही. आग्रह करायला अंगात बळ लागतं आणि ते मी सगळं शाळेत संपवून यायची. मीच ओवायची, मीच भाजायची, आणि काही आठवड्यांनी तेही सोडून दिलं. ग्रिल पुसून खोक्यात घालून माळ्यावर टाकायचं म्हणून ओट्याच्या कडेला ठेवलं, ते तिथंच राहिलं, कारण स्टुलावर चढायचा मला कंटाळा आला होता. फिजिओथेरपीच्या मुलीला मी जिन्यात गाठून विचारलं, यांना तारेचं काम पुन्हा जमेल का. ती म्हणाली, "काकू, रोजचं काम होईल. शर्टाचं बटण, जेवण, आंघोळ. पण इतकं बारीक काम... मी खोटं सांगणार नाही." मी तिला थँक्यू म्हटलं. मला तिचा राग आला नाही. खोटं न सांगणारी माणसं त्या दिवसांत फार नव्हती.

कारागीर घरी आला तेव्हा यांनीच विषय काढला. "आता दुकान तूच चालीव," म्हणाले. "बोर्डावर तुझं नाव घाल."

"मालक, असं कसं?"

"असंच. लोकान्ला कळाय पायजे मोटर कुणाच्या हातात द्यालोय ते."

तो गेल्यावर ते आत जाऊन भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. मी भाकरी थापत राहिले.  

थंडीच्या दिवसांत मी पडले. साधाच ताप, पण सांधे असे धरले की कूस बदलता येईना. शाळेत रजा कळवली. अक्का नेमक्या मुलाकडं बंगळूरला गेल्या होत्या. पहिल्या दिवशी मी उठून खिचडी टाकली. दुसऱ्या दिवशी उठताच आलं नाही. मुलगी फोनवर रडकुंडीला आली, "मी येते," म्हणाली. तिची कंपनी, तिचं लहान बाळ. मी नको म्हटलं.

संध्याकाळच्या सुमारास मला स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज आला.

"काय करताय?"

"काय न्हाय. झोप तू."

मग फ्रिजचं दार. मग सुरीचा आवाज, एक घाव, बराच वेळ शांतता, पुन्हा एक घाव. मग वॉचमनचा आवाज ऐकू आला. यांनी त्याला वरूनच हाक मारून चिकन आणायला सांगितलं होतं म्हणे. मी अंथरुणातूनच ओरडले, "ट्रेमध्ये पाणी घाला हं!"

"घातलंय!"

"आणि प्लग कोरड्या हातानं..."

"अगं ए, जन्म गेला माझा ह्यात! प्लग मला शिकीव आता!"

झटक्यानंतर इतक्या मोठ्यांदा ते पहिल्यांदाच बोलले होते. मी पांघरूण ओढून पडून राहिले. चर्र आवाज झाला, भाजल्याचा वास खोलीत आला. मला भूक नव्हती, तरी तो वास नकोसा वाटला नाही. फार वेळ लागला. मध्ये मला डोळा लागला, पुन्हा जाग आली, तरी ते आतच होते.

ताट डाव्या हातात, उजवा हात ताटाखाली टेकवलेला, पाय ओढत ते आले. ताट जरा तिरकं. कांदा कडेनं काळा, ढबू वेडीवाकडी कापलेली, चिकनचे तुकडे कुठला केवढा, कुठला केवढा. पलंगाच्या कडेला बसले आणि एक तुकडा सळीवरून सोडवून मला दिला. मी चावत राहिले.

"कसं झालंय?"

"मला कळत नाही. तोंडाला चवच नाही."

त्यांनी स्वतः एक खाल्ला आणि थांबले. "मीठ घालायचं इसारलो."

"डॉक्टर खूश होतील."

ते हसले. तोंड अजून एका बाजूनं जरा ओढलेलं होतं, हसताना ते जास्त दिसायचं, म्हणून एवढ्यात हसायचं टाळायचे. आम्ही दोघांनी मिळून सगळं संपवलं, चिवट तुकडेसुद्धा. भांडी तशीच पडली. ती घासायला मला दोन दिवसांनी उठता आलं, आणि तव्यावर चिकटलेलं खरवडताना माझी कंबर भरून आली.

आता वर्ष होत आलंय. हात आहे तेवढाच आहे, त्यात आणखी काही होणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. शर्टाची बटणं ते स्वतः लावतात, वरचं सोडून. बुधवारचा आणि रविवारचा स्वयंपाक त्यांचा. दुपारी चारला कापायला बसतात तेव्हा कुठं जेवणाच्या वेळेला होतं. अक्कांची ताटली आली की आधी हात धुऊन त्यांच्या सळ्या ओवतात. उचगावचा विषय घरात निघत नाही. कारागीर अधूनमधून फोन करून एखाद्या मोटारीचं विचारतो, तेव्हा ते लांबलचक सांगतात आणि फोन ठेवला की खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसतात.

माझी शाळा आहेच. जिना आहे, वह्या आहेत, पाय सुजतात. बुधवारी घरी आले की मी चप्पल काढते आणि हॉलमध्ये पंख्याखाली बसते. आतून सुरीचा आवाज येत असतो, सावकाश, थांबून थांबून. पहिल्या पहिल्यांदा मी मदतीला उठायची. आता उठत नाही.